आईचा दंड

प्रिय बाबा,

तुमच्यापर्यंत टपाल पोचायची आता सोय नाही, तरी लिहितोय, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय आज मला चैन पडणार नाही.

मी दिवसभर दातांच्या कवळ्या घडवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. घरी येऊन चित्रं काढतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. वजनं उचलणाऱ्या, पिळदार अंगाच्या बायकांचे फोटो मी जमवतो आणि ते बघून त्यांचे खांदे, पाठ, दंड काढतो. मला ते फार सुंदर वाटतात. पण लोक भलताच अर्थ काढतील, म्हणून दार लावून बसायचो.

आज आई दार ढकलून थेट आत आली. टेबलावर माझ्या आवडत्या खेळाडूचं चित्र होतं, डोक्यावर वजन तोलून उभी असलेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

"दंड चुकलाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

जन्मभर लॉन्ड्रीत ओल्या चादरी पिळलेल्या आईनं लांब बाही खांद्यापर्यंत सारली आणि मूठ आवळून हात वर केला. "हे बघ, फुगवटा इथे येतो. तुझ्या बाबांना भारी कौतुक होतं याचं. मीच मेली झाकून ठेवायचे."

बाबा, इतकं हलकं वाटलं की मी हसतच सुटलो. मग तिला खिडकीपाशी बसवून फोटो काढले.

"आटप रे, हात भरून आला," ती म्हणाली. "आणि आता डावाही काढ, नाहीतर तो रुसेल."

तुमचा,
धाकटा