पुस्तकांनी खाल्लेले डोळे

आई, तुला जाऊन सोळा वर्षं झाली. रोज देवापुढे बसले की तुझं नाव घेते. आज घेतलं नाही.

लेकीला घेऊन वाशीला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रात्र रात्र अभ्यास करते, आणि डोळ्यांखाली हुबेहूब माझ्यासारखे खड्डे दिसायला लागलेत. सोसायटीतल्या बायका विचारतात, "पोरगी आजारी असते का हो?" मला तुझंच बोलणं आठवतं. मॅट्रिकचा निकाल लागलाय, तू चुलीपुढे भाकरी थापतेयस. मी पेढा पुढे करते, तर पिठाच्या हाताने हनुवटी धरून म्हणतेस, "आरशात बघ जरा. पुस्तकांनी डोळे खाल्ले तुझे. आता पुरे." मी पुरे केलं. कॉलेजचा भरलेला फॉर्म फाडला. डोळ्यांखालचे खड्डे भरावेत म्हणून सोळा सोमवारसुद्धा केले.

फी भरलीच होती, म्हणून बाईंना सगळे उपाय विचारून घेतले. मलमाने काळेपणा कमी होईल, पण खोलगटपणा भरत नाही. इंजेक्शनने थोडा भरतो, तरी डोळ्याजवळ जपूनच करतात, आणि काही महिन्यांनी पुन्हा टोचायचं. "त्यात असतं काय?" मी विचारलं.

"कोलॅजन. गाईच्या कातडीपासून काढतात."

मी कानाला हात लावले. नाहीतर स्वतःच्या पोटावरची चरबी काढून तिथे भरतात म्हणे. लेक लगेच, "आईची चालेल का? भरपूर आहे." बाईही हसल्या. मग मी भीतभीतच विचारलं, "आणि वाचणं बंद केलं तर?"

"वाचण्याचा काय संबंध? चेहऱ्याची ठेवणच आहे ही. तुमचेही तसेच आहेत की. तुमच्या आईचेही असतील."

आईचं तोंड आपण कुठे निरखतो? लेकीला घरी पाठवून मी तशीच पनवेलला मावशीकडे गेले. ती म्हणाली, "ताईचे ना? परकर नेसायची तेव्हापासून. आणि ती शाळेत गेलीच कुठे? अगं, तुझ्या पाठची चार पोरं, ताईला घरात हात हवा होता. काहीतरी सांगायलाच हवं होतं ना तुला!"

हात हवाय, एवढं म्हणाली असतीस तरी मी राहिले असते. रडले असते, पण राहिले असते. तू माझ्याच तोंडाकडे बोट दाखवलंस. इतकी वर्षं मी समजत आले की शिकण्याची हाव माझी, म्हणून शिक्षाही माझीच.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "आई, तुला मार्क चांगले होते ना? मग पुढे का नाही शिकलीस?" तांदूळ निवडता निवडता मी म्हणाले, "मलाच कंटाळा होता गं." तिला ते पटलं. पुस्तक घेऊन आत गेली.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून खरं लिहिते. लेकीशी खोटं बोलले ते तुझी लाज राखायला नाही. आपली आई एवढ्यावर फसली, हे मला लेकीला कळू द्यायचं नव्हतं.