भट्टी आणि मौनीबाबा

३ फेब्रुवारी

आला! भिंतीत बसला! चिरंजीवांनी पाठवलेला ओव्हन — मी निवृत्त झाले त्याची भेट. बसवणारा माणूस सकाळपासून खपत होता. कपाट कापलं, वायर ओढली, दार चार वेळा उघडून-मिटून पाहिलं. जाताना म्हणाला, "काकू, हा स्वतःला स्वतः साफ करतो." मी म्हटलं, "मग आमच्या घरातला पहिलाच!" ह्यांना ते बरोबर लागलं. पेपरात तोंड खुपसून बसले.

सासूबाई खोलीच्या दारातून बघत होत्या. त्यांची खोली स्वयंपाकघराला लागूनच. म्हणाल्या, "केवढी ती पेटी. जमायचं नाही तुला."

जमवून दाखवते!

४ फेब्रुवारी

पुस्तिका वाचतेय, पहिल्या पानापासून. हे म्हणतात, "कादंबरी आहे का?" म्हणेनात का! इस्पितळाच्या धुलाई विभागात वाफेच्या मोठ्या इस्त्र्यांवर माझा जन्म गेला. माझ्या पाळीत एकीचाही हात भाजला नाही. फुकट नाही होत असं!

६ फेब्रुवारी

पहिला पाव. वरून असा सोनेरी की मी त्याचा फोटो काढून चिरंजीवांना पाठवला. कापला तर खालून कच्चा! गिच्च!

सासूबाईंना वरचा वरचा भाग दिला. म्हणाल्या, "पाव आहे होय? मला वाटलं भांडी घासायचा स्पंज." खाल्ला मात्र सगळा. ताटली मी आणली तेव्हा चुरासुद्धा नव्हता.

७ फेब्रुवारी

कच्चा का राहिला ते कळलं. मीच अतिशहाणी! तळ घाण होऊ नये म्हणून चांदीचा कागद अंथरला होता. तळाखाली तापायची तार असते, तिची ऊब कागदाने अडवली. पुस्तिकेत पुढच्याच पानावर लिहिलंय — तळाला काही अंथरू नका, कागद चिकटतो, आतला लेप बिघडतो. म्हणजे मी एक पान आधी थांबले. ह्यांना सांगितलेलं नाही.

९ फेब्रुवारी

आज पाव खालून-वरून सारखा! हे दोन तुकडे जास्त खाऊन गेले आणि वर म्हणाले, "दुकानात घेतलास तर एवढा व्याप नाही." उंटावरून शेळ्या हाकायच्या!

सासूबाईंना विचारलं, "आई, कसा झालाय?" म्हणाल्या, "मीठ आहे."

मीठ आहे!! हे उत्तर झालं?

मनातलं इथे लिहिते, कारण बोलायला कुणी नाही. मला ह्या बाईच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'चांगलं केलंस' ऐकायचं आहे. बस्स. लग्न होऊन आले तेव्हापासून वाट पाहतेय. नोकरीतून निवृत्त झाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, धुलाईच्या पोरी रडल्या. फुलांचा हा एवढा गुच्छ घेऊन घरी आले. सासूबाईंनी गुच्छाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चपला बाहेर काढ."

आणि आजकाल तर नवीनच. मी पावाचं पीठ मळायला मिक्सर लावला की त्या उठतात आणि धाडकन आपल्या खोलीचं दार लावून घेतात. माझ्या मिक्सरचा आवाजसुद्धा सोसवत नाही!

आत त्या आणि त्यांचा मौनीबाबा. मौनीबाबा म्हणजे त्यांचा पोपट. त्या त्याला राजा म्हणतात. नाव मी ठेवलं, कारण इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून अक्षर ऐकलेलं नाही. मला इस्पितळात सकाळची पाळी असायची. पहाटे घर सोडायचं, दुपारी तीनला येऊन जी आडवी व्हायची ती थेट दिवेलागणीला उठायची. त्या वेळात त्या खोलीतून कधी चूं नाही की चां नाही. सासूबाई म्हणतात, "बोलतो तो. मनात आलं की बोलतो." बोलतोय! पोपटवाल्याने मुका पक्षी गळ्यात मारला आणि ह्या कबूल करत नाहीत.

१२ फेब्रुवारी

भाज्या भाजल्या. बिस्किटं केली. दोन्ही जमलं!

ओव्हन उघडला तर आत कढई आणि काळा तवा. रिकामी जागा दिसली की ह्यांचे हात शिवशिवतात. "कपाटच आहे की ते!" म्हणे. म्हटलं, कपाट आहे, पण पेटणारं.

१५ फेब्रुवारी

अरे देवा. सफरचंदाचा केक. वरून मस्त फुगला आणि मग कडेने साखरेचा पाक उतू गेला. थेट तळावर. जळून कोळसा! घरभर धूर, डोळ्यांत पाणी.

सासूबाई आतून: "म्हटलं होतं."

१६ फेब्रुवारी

हे मोठ्या कौतुकाने फवाऱ्याची बाटली घेऊन आले. ओव्हन साफ करायचं औषध. बाटलीवर चकाकता ओव्हन आणि हसणारी बाई. मी पुस्तिका उघडून बोट ठेवलं — असली औषधं ह्या ओव्हनला चालत नाहीत. आतल्या लेपावर त्यांचे अंश राहतात आणि नंतर तापले की त्यांचा विषारी धूर होतो. तारेची घासणीही नको.

"मग करायचं काय?"

"तो स्वतःला स्वतः साफ करतो. ऐकलं नाहीत?"

बाटली परत करून आले. पायरीवरूनच पुटपुटत गेले होते. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१७ फेब्रुवारी

साफसफाईचं प्रकरण तीनदा वाचलं. छोटीशी भट्टीच होते त्याची! दार आपोआप कुलूपबंद होतं. आत नेहमीच्या दुपटीने तापतं आणि घाणीची राख होते. दार निवेपर्यंत उघडतच नाही, ओढाताण करायची नाही.

आणि पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात: पक्षी घरात असल्यास दुसऱ्या, हवेशीर ठिकाणी हलवा. त्या धुराने पक्ष्यांचा जीव जाऊ शकतो.

दोन वेळा वाचलं. मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे मौनीबाबा.

१८ फेब्रुवारी

रणधुमाळी!

मी सांगितलं, "आई, परवा राजाला खालच्या टेलरबाईंकडे ठेवू. दिवसभरच."

"नाही."

"धुराने मरेल तो."

"मग नको लावूस ती भट्टी. पाखरू घराबाहेर जायचं नाही. आणि तिच्याकडे तर मुळीच नाही! तिचं मशीन चालू असतं दिवसभर. त्याला आवाज सोसत नाही."

"मशीनच्या आवाजाने कुणी मरत नाही, आई."

"तुला काय माहीत त्याचं!"

हे मध्ये पडले. म्हणजे उठून अंघोळीला गेले.

मी मागे हटले नाही. पहिल्यांदाच! नेहमी 'बरं' म्हणून ओट्याकडे वळते, आज उभी राहिले. म्हटलं, तो तुमचा लाडका असेल, पण त्याला काही झालं तर मला जन्मभर अन्न गोड लागणार नाही. त्या पिंजऱ्यावरचं फडकं नीट करत बसल्या.

२० फेब्रुवारी

आजचा दिवस मोठा. सविस्तर लिहिणार.

सकाळी पिंजरा मीच खाली नेला. टेलरबाई भल्या. मशीनशेजारी खिडकीत जागा करून दिली. म्हणाल्या, "दुपारपर्यंत गणवेशांचा गठ्ठा द्यायचाय, मशीन थांबवता नाही येणार हं." म्हटलं, चालेल.

वर येऊन पदर खोचला. जाळ्या काढल्या, ट्रे काढला, बाजूच्या सरकपट्ट्यासुद्धा. आतली सैल घाण ओल्या फडक्याने पुसून घेतली. हे महत्त्वाचं, तेलकट राहिलं तर आत पेट घेतं. दाराभोवतीच्या पट्टीला हात लावला नाही. ती घासायची नसते, ती खराब झाली की उष्णता बाहेर येते. सगळ्या खिडक्या उघडल्या, चिमणी सुरू केली. दाराजवळ टांगलेले हात पुसायचे पंचे काढले. आणि बटण दाबायच्या आधी शेवटचं म्हणून वाकून पाहिलं —

काळा तवा! खालच्या कप्प्यात, मागे सरकवलेला! अहो!!

"सवयीने ठेवला गेला," हे म्हणाले. त्या तव्याच्या न चिकटणाऱ्या काळ्या लेपाचाच धूर पाखरांना सगळ्यात वाईट. मी इतकी ओरडले की समोरच्या घराची खिडकी उघडली. मग ह्यांना बाजारात पाठवून दिलं. भट्टी लावताना नवरा घरात मोकळा नसावा.

बटण दाबलं. खट्! कुलूप लागलं. तो आवाज मला फार आवडला.

अर्ध्या तासात वास सुरू झाला. जळक्या साखरेचा, मग कसला तरी उग्र. घाबरले नाही, पहिल्या वेळी येतो असं लिहिलंय. दाराची काच बाहेरूनही चटका देते म्हणून खुर्ची लांब ठेवून पहारा देत बसले. कुठे जायचं नाही असं मनाशी ठरवलेलं.

आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं. दार उघडलं तर सासूबाई, हातात पिंजरा! कधी गुपचूप खाली गेल्या कळलं नाही. एका हाताने कठडा, एका हातात पिंजरा, श्वास लागलेला.

"त्याला तिथे नाही ठेवायचं. मशीन थांबत नाही तिचं."

त्या उंबऱ्याला लागल्या आणि माझ्या मागून तो उग्र वास. मी दोन्ही हात चौकटीला लावले. "आई! एक पाऊल आत टाकायचं नाही!"

असं मी त्यांच्याशी आयुष्यात बोलले नव्हते. स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. त्याही. मग मी म्हटलं, "तुम्हीही खाली बसा त्याच्याजवळ. तुम्हालाही हा धूर नको." दार ओढून घेतलं, त्यांचा हात धरून खाली नेलं, खुर्चीत बसवलं, आणि धावत परत वर.

धावत! ह्या गुडघ्यांनी!

पहारा संपवला. मग निवायची वाट पाहिली. दार ओढून पाहायचा मोह फार झाला. नाही ओढलं. शेवटी आपोआप — खट्.

उघडलं. आत सगळी करडी राख. चिमूटभर! तो अख्खा पाक, तो धूर, तो 'म्हटलं होतं' — सगळं चिमूटभर. ओलं फडकं फिरवलं आणि आतला निळा लेप असा उजळला की त्यात माझं तोंड दिसलं. घामेजलेलं, केस विस्कटलेले. छान दिसत होतं.

मला माझा अभिमान वाटतो. लिहूनच ठेवते. वाटतो!

संध्याकाळी घर पुरतं हवेशीर झाल्यावर, वास गेल्याची खात्री करूनच दोघांना वर आणलं. मौनीबाबा ठणठणीत, मिरची खाल्ली. सासूबाईंनी ओव्हनमध्ये डोकावून पाहिलं. बराच वेळ.

"ही जाळी राहिली," म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी

जाळ्या गरम साबणाच्या पाण्यात भिजवून हाताने घासल्या. चकाचक! सासूबाईंचं तोंड बंद.

हे स्वतःहून म्हणाले, "मानलं बुवा." दुसऱ्या कुणाच्या तोंडून हवं होतं, पण घेतलं.

सासूबाई काल रात्रीपासून माझ्याकडे बघत नाहीत. उंबऱ्यात अडवलं त्याचा राग असणार. असू दे. पाखरू जिवंत आहे.

२३ फेब्रुवारी

स्वच्छ ओव्हनमधला पहिला पाव. आजवरचा सर्वात चांगला. टेलरबाईंसाठी वेगळा काढून ठेवला, पिंजरा सांभाळल्याबद्दल.

सासूबाईंना विचारलं नाही कसा झालाय. पहिल्यांदाच नाही विचारलं. दगडाला पाझर फुटायची वाट किती दिवस बघायची!

त्यांनीही सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी

पाव द्यायला खाली गेले. टेलरबाई म्हणाल्या, "पोपट बोलका आहे हो तुमचा! मला नुसता रागावत होता."

मी हसले. म्हटलं, मुका आहे तो.

"मुका कसला! मी मशीन चालवलं की सुरू. थांबवलं की गप्प. आणि हुबेहूब सासूबाईंचा आवाज — 'हळू! हळू रे! ती निजलीय. दमून आलीय माझी पोर.' दिवसभर तेच. सासूबाई खाली आल्या तेव्हा नुसत्या लाजल्या. म्हणाल्या, वर सांगू नका. पण मला काही राहवलं नाही."

जिन्यातच बसले. मिक्सर लावला की धाडकन लागणारं ते दार आठवलं, दुपारी तीननंतरची माझी झोप आठवली. मग वर आले.

आतून आवाज आला, "चपला बाहेर काढ."

काढल्या.