समोर कोणी बसले की

मी, खाली सही करणारा, लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त, अविवाहित, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणी भरीस न घालता, माझ्या हाताने लिहीत आहे. भित्रेपणा म्हणजे वेडेपणा नव्हे, असे आमच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे.

१. राहते घर माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या ताईच्या मुलीला द्यावे. भावोजी गेल्यावर मायलेकी इथेच राहायला आल्या, त्यामुळे घर तिचे आहेच. मी फक्त कागद करतो. न्हाणीघरातला नळ जोरात पिळू नये, त्याचा आटा गेलेला आहे.

२. बँकेत जे शिल्लक असेल ते तिचेच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. माझ्यासारखी टाळाटाळ करू नये.

३. हत्यारांची पेटी कामावरच्या जोडीदाराला. उंच उंच इमारतींत लिफ्टच्या पोकळीत लटकून आम्ही दोघांनी उमेदीची वर्षे काढली. तो सगळ्यांना सांगायचा, "ह्याला भीती कशाशी खातात ते ठाऊकच नाही." त्याने मला ग्रंथालयाच्या सभागृहात पाहिले नाही, हे माझे नशीब.

४. धाकट्या भावाला मी काही ठेवत नाही. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक भाचीला बोल लावतील.

निवृत्तीनंतर मी व्हायोलिन शिकू लागलो. वर्गात सगळे माझ्यासारखेच पिकलेले; शिकवणाऱ्या बाई तेवढ्या तरुण. घरी दार लावून बरे वाजायचे. वर्षअखेरीला बाईंनी ग्रंथालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला आणि ताईने अख्खी इमारत गोळा करून आणली. स्वतः पहिल्या रांगेत बसली. माझे नाव पुकारले. समोर एवढी तोंडे दिसली. गज तारेवर ठेवला तर तो नाचायलाच लागला, आणि गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. थांबलो. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. मागे कोणीतरी खुसुखुसू हसले. मी व्हायोलिन खुर्चीवर टाकले आणि बाजूच्या दाराने पळालो. निघून गेलो असे लिहिणार होतो, पण पळालो हाच शब्द खरा.

पुढचे मी दाराच्या फटीतून पाहिले. ताई उठली. तिचे गुडघे कामातून गेलेले. सगळ्यांच्या देखत कठडा धरून एकेक पायरी चढत ती मंचावर गेली, व्हायोलिन पेटीत ठेवले, पेटी उचलली आणि तशीच उतरली. तिला हात द्यायला मी बाहेर आलो नाही. पळाल्यापेक्षा याचीच लाज मला जास्त वाटते.

धाकट्याने हे सगळे मोबाइलवर टिपले. पुढे चार माणसे जमली की तो ते दाखवायचा. "बघा, आमचे कलाकार दादा!" मीही हसणाऱ्यांत हसायचो. एकदा ताईने त्याला विचारले, "मी चढतानाचंही आहे का रे त्यात?"

"आहे ना!"

"मग तेवढंच दाखव. म्हातारी पडली नाही, त्याचं कौतुक होऊ दे."

त्यानंतर त्याने ते कोणाला दाखवले नाही, पण पुसलेलेही नाही. ते पुसावे. एवढे केले तर माझा राग संपला असे समजावे.

५. आता व्हायोलिन. पुढे ताई अंथरुणाला खिळली. एका संध्याकाळी म्हणाली, "आता तरी वाजव की माझ्यासमोर."

वाजवायला घेतले, आणि तिच्यासमोरही गज नाचला. जिने मला लहानाचे मोठे केले, तिच्यासमोर! मी व्हायोलिन खाली ठेवले. ती म्हणाली, "मला झोप येतेय. तू तुझा सराव कर." आणि भिंतीकडे तोंड करून वळली. त्या कुशीवर तिला कळा यायच्या. मला ते ठाऊक होते, तरी मी वाजवले. गज सरळ चालला.

मग रोज तेच. "झोप आली बाई," म्हणून ती वळायची, आणि माझे संपले की त्या झोपेतूनच सांगायची, "शेवटची ओळ घाईत उरकलीस." अशीच ती गेली. तिने मला वाजवताना ऐकले, पाहिले मात्र कधीच नाही. "ताई, नको वळूस" एवढे माझ्या तोंडून निघाले नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा मंचावर गेलो. आधीच सांगून टाकले, "माझा हात थरथरतो. आवाज खराब येईल, पण पूर्ण वाजवणार आहे." आवाज खराबच आला. पूर्ण वाजवले. टाळ्या पडल्या, त्यात दयेच्या किती, हे न कळण्याइतका मी लहान नाही. तेव्हापासून दरवर्षी वाजवतो. थरथर गेलेली नाही, मी तिच्यासकट बसतो. परक्यांपुढे हे जमले, ताईपुढे जमले नाही. त्यावर कुठलीही मलमपट्टी करावीशी वाटत नाही.

व्हायोलिन बाईंच्या वर्गाला द्यावे आणि उतारवयात शिकायला येणाऱ्याला वापरू द्यावे. "घाबरायचं काय त्यात?" असे त्याला कोणी म्हणू नये.

६. मला निरोप द्यायला जमाल तेव्हा कोणालाही दोन शब्द बोलायला बळेच पुढे ढकलू नये.

७. साक्षीदारांनी सही होताना प्रत्यक्ष पाहिलीच पाहिजे, असे वकीलबाईंनी बजावले आहे. मी विचारले, "तेवढ्यापुरतं त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं तर?"

"नाही चालणार, काका."

तेव्हा इथली सही बँकेतल्या सहीशी जुळली नाही, म्हणून ती खोटी ठरवू नये.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
सही: (वाकडी, पण माझीच)

साक्षीदार: घरचे डॉक्टर (सही), तळमजल्यावरचे शिंपी (सही)

साक्षीदारांचे निवेदन: लिहून देणाऱ्यांनी आमच्यासमोर सही केली. पहिल्यांदा त्यांनी पेन खाली ठेवले आणि पाणी घेतले. दुसऱ्यांदा सही पुरी होईपर्यंत आम्ही दोघे समोर बसून त्यांच्याकडे पाहत होतो.