जोडीदाराची ओळ

५ ऑगस्ट
आले बाई एकदाची! कोहिनूर गावची मंगल गुलबर्ग्याच्या कॉलेजात, बीएस्सी केमिस्ट्री! लॅब बघूनच जीव हरखला. दाराशी एक जाड वही हाय. नाव, चष्मा, ॲप्रन, केस बांधले का, अन् शेवटचा रकाना अपघाताचा. आपली ओळ आपण भरायची न्हाई, जोडीदारानं भरायची. लॅब सांभाळणाऱ्या पिराजीमामांनी बजावलं, डोळ्यानं बघितलं तेवढंच लिही पोरी, ही वही लिहिलेलं खरं करते. सगळे हसले. इथं न बघताच टिक मारतात सगळे. माझी जोडीदार अंबिका, बीदरची. बरी वाटली.

१३ ऑगस्ट
अंबिका, अंबिका, अंबिका! गुरुपादय्या सरांना दुसरं नावच सुचंना. आम्ही पिपेटच्या नळीत ॲसिड तोंडानं ओढतो, लवकर होतं. ही रबरी फुग्यानं ओढते, तर केवढं कौतुक! बेंगळूरच्या शिबिराला एकच मुलगी धाडतात, जिची ओळ स्वच्छ ती. हिची बहीण तिथंच राहते, हिला काय कमी? मला जायचंय. पोटात दुखायलंय माझ्या, लिहिते की खरं.

२० ऑगस्ट
तिच्या ओळीत लिहिलं, ‘चष्मा न्हाई. उजव्या हातावर ॲसिड.’ काहीच सांडलं नव्हतं. आता जा म्हणावं बेंगळूरला!

२१ ऑगस्ट
अंबिकाच्या उजव्या हाताला पट्टी. काल खोलीवर साध्या नळाखाली हात धरला, अन् कातडी सोलून आली म्हणे. वही उघडून बघितली. माझ्या अक्षरांभोवती कागद जळालेला, अक्षरं मात्र शाबूत.

२३ ऑगस्ट
सरांनी वही बघितली. अपघात लपवला न्हाई, जोडीदाराकडून लिहून घेतला म्हणून कौतुक तिचंच. ओळीला डाग असून शिबिराला तीच. भीती वाटायला पाहिजे मला. वाटायलीय. पण जळफळाट त्याहून जास्त. पेन हातात घेतलं होतं — ठेवलं. देवाशपथ ठेवलं.

२७ ऑगस्ट
लॅबमध्येच लिहायलेय, जर्नलच्या मागं. अंबिकानं दाराशेजारच्या वहीचं मागचं पान वाचलं. माझं अक्षर वळखलं. वही ओढून घेतली.

आता ती माझी ओळ भरायलीय. डाव्या हातानं, सावकाश. टिक मारायला एवढा वेळ?

चष्मा घातलाय मी, दाखवला — बघिना —

शेवटच्या रकान्यात — उलटं वाचायला येतंय — ‘दोन्ही’ —

चुकलं गं अंबिके, म्हटलं. पाया पडते म्हटलं. थांब म्हणे, पुरं होऊ दे.

‘दोन्ही डो —

चष्म्याच्या आत काहीतरी ओलं —

अक्षर दिसं