दंतवैद्याच्या ऐंशी दाढा

सोमवार, ३ मार्च

दंतवैद्याची ऑर्डर – दाढेच्या आकाराच्या ऐंशी कुकीज, वर पांढरंशुभ्र आयसिंग. शनिवारी नव्या दवाखान्याचं उद्घाटन. साखरेच्या दाढा वाटून पेशंट तयार करणार. माणूस हुशार आहे.

एकटीने घेतलेलं पहिलं मोठं काम. ताईच्या कानावर गेलं तर बरं. म्हणजे, जायलाच हवं.

मंगळवार, ४ मार्च

आयसिंग फुगेना. अंड्याचा पांढरा बलक, पिठीसाखर, लिंबू – सगळं नेहमीचंच. वीस मिनिटं मिक्सर फिरवला, हाती ताक. कुकीवर घातलं तर खाली ओघळलं. दाढ कसली, लाळ गळणारं तोंड.

अंडेवाल्याशी भांडून आले. म्हणाला, "कोंबडीला विचारा."

बुधवार

नवी अंडी. पुन्हा ताक. साखर वाढवली – जास्त गोड ताक. सहा तास पंख्याखाली ठेवलेल्या कुकीला बोट लावलं तर बोटच पांढरं झालं.

आई म्हणे, "ताईला विचार की. तिला लगेच कळेल." दिवसातून चार वेळा हेच. हे काम मला ताईनेच शिकवलं, मान्य. पण दोन वर्षांपूर्वी तिच्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाली होती – "तुझा हात म्हणजे फावडं." त्याच दिवशी मिक्सर काखोटीला मारून बाहेर पडले. आता तीन गल्ल्यांचं अंतर, आणि समोरासमोर आलो की दोघींनाही अचानक फोन येतो.

मरेन, पण विचारणार नाही.

गुरुवार, सकाळ

नाहीच विचारणार.

गुरुवार, संध्याकाळ

विचारलं. आधी थोडी रडले. हे इथेच राहू दे.

शुक्रवार, ७ मार्च

ताई आली ती थेट स्वयंपाकघरात. भांड्यातून बोट फिरवलं, वास घेतला. "लोणी. भांड्याला ओशटपणा असला की पांढरा बलक फुगत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." मी म्हटलं, आयसिंगचं भांडं वेगळं असतं माझं, लोण्याच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही. हल्ली तर आईच घासते, मला हात लावू देत नाही. तेवढ्यात आईला बाल्कनीतले कपडे आठवले.

ताईने भांडं व्हिनेगरने पुसलं. दहा मिनिटांत आयसिंग घट्ट. मग संध्याकाळपर्यंत दोघी समोरासमोर बसून दाढा रंगवत होतो. "फावडं बरं चालतंय," म्हणाली. बाईसाहेबांना माफी मागणं जमतं ते एवढंच. मला हसू आलं, आणि हसू आलं याचा रागही आला.

निघताना म्हणाली, "जमलं तुझं. आता माझं काय काम." पुन्हा येते म्हणाली नाही. मीही ये म्हटलं नाही. दोघी सारख्याच मूर्ख. रात्री जेवण गेलं नाही.

शनिवार

दाढा पोचल्या. दंतवैद्य खूश. पुढची ऑर्डर – चाळीस टूथब्रश.

रविवार, ९ मार्च

सकाळी पाणी प्यायला गेले. आई पाठमोरी बसलेली. मांडीवर माझं आयसिंगचं भांडं. बोटाने लोणी घेऊन आतून फिरवत होती, अगदी मन लावून, एक कोपरा न सोडता.

पाय न वाजवता मागे फिरले. ताईला फोन लावला. म्हटलं, "अगं, परत फुगत नाहीये."