टोन एबर्सचा उजवा हात

मी, लाम्बर्ट गरिट रूर्डिंक, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार कुइपरस्ट्राट क्रमांक नऊ, ओस्टरलो, 'तीन घंटा' ब्रुअरीच्या बिअर मुरवायच्या तळघराचा निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी नशेत नाही; गेली तीस वर्षे मी बिअर फक्त चाखून थुंकली आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, आणि ती शाबूत असल्यामुळेच हे लिहावे लागत आहे. याआधी नोटरी स्लॉट यांच्याकडे ठेवलेले १९६२ सालचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सगळी मालमत्ता होती, खरे मात्र काही नव्हते.

कलम पहिले. माझ्या वडिलांची हत्यारे.

घराचे पुढे सांगतो. माझे वडील गरिट रूर्डिंक ब्रुअरीत लाकडी पिंपे घडवत. त्यांचे रंधे, पट्ट्या ठोकायच्या छिन्न्या आणि राळ उकळायचे भांडे जिल्ह्याच्या संग्रहालयाला द्यावे. ते घेणार नसतील तर भंगारात घालावे. लाकडी मोगरी मात्र कोणालाही देऊ नये. ती जाळावी, आणि जळून संपेपर्यंत कोणीतरी तिथे उभे राहावे.

वडील हाताने फार जड होते. आई मेली तेव्हा तिचे दोन दात जागेवर नव्हते, आणि ते कसे गेले हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होते. पण त्यांनी केलेल्या पिंपातून थेंब गळत नसे. १९३८ साली मास्टर ब्रुअर वीगरिंक यांनी लोखंडी पिंपे आणली. लाकडात यीस्ट बिघडते, बिअर आंबट होते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते. पण त्यांनी वडिलांची चाळीस पिंपे अंगणात रचून सर्वांसमोर पेटवली. आतली राळ पेटली तशी पिंपे फुटू लागली. एक जळती फळी वडिलांच्या खांद्याला लागली तरी ते बाजूला झाले नाहीत. ते काही बोललेही नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

कलम दुसरे. सोन्याचे घड्याळ.

१९५५ साली कंपनीने मला सोन्याचे घड्याळ दिले, 'युद्धात आमचे यीस्ट वाचवणाऱ्या हातास' असे त्यावर कोरून. ते घड्याळ परत करावे आणि सोबत हे कलम कंपनीच्या संचालकांना जसेच्या तसे वाचून दाखवावे.

आज हिरव्या बाटलीतली, तारेने बसवलेल्या चिनी मातीच्या बुचाची आपली बिअर साठ देशांत जाते. कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत लिहिले आहे की तिची चव आमच्या विहिरीच्या पाण्यात आणि साडेतीनशे वर्षांच्या परंपरेत आहे. पाणी चांगले आहे, पण चव यीस्टमध्ये आहे. जव भिजवून मोड आणता येतात, ते भट्टीत वाळवता येतात, कडवटपणासाठी लागणारी हॉप्सची फुले विकत मिळतात. यीस्ट मेले की मेले. ते दर काही दिवसांनी जवाच्या ताज्या काढ्यावर पोसावे लागते आणि थंडीत ठेवावे लागते.

१९४४ च्या शरदात जर्मनांनी तांबे जमा करण्याचा हुकूम काढला. मोठी कढई त्यांनी नेली. वीगरिंक यांनी थंड करण्याच्या नळ्या आणि दोनशे लिटरची जुनी लहान कढई काढून जवाच्या कोठारात, जमिनीखाली पुरली. नंतर पुन्हा सुरुवात करता यावी म्हणून. हे तिघांना माहीत होते : वीगरिंक, तेव्हा तळघरात काम करणारा मी, आणि गाडीवान टोन एबर्स, ज्याच्या घोड्याने ते ओढून नेले. त्याच दिवशी टोनने यीस्टने भरलेला दुधाचा कॅन घोड्याच्या लिदीत पुरून चौकीवरून बाहेर काढला. पहारेकऱ्याने लिदीत संगीन खुपसली. ती कॅनपासून चार बोटांवर गेली. टोन जर्मनमध्ये त्याला म्हणाला, "अजून खोल खुपस, गरम गरम आहे." पहारेकरी हसला आणि त्याने गाडी सोडली. पुढचे पाच महिने टोनच्या मामेबहिणीच्या गोठ्यातल्या विहिरीत तो कॅन टांगलेला होता. मी आठवड्यातून दोनदा सायकलने जाऊन त्याला खायला घालत असे. माझे काम एवढेच. संगिनीसमोर टोन उभा होता. पुस्तिकेत त्याचे नाव यावे.

कलम तिसरे. कबुली. ही मालमत्ता नाही, पण माझ्याकडे याहून जुने काही नाही.

तांबे पुरले त्याच संध्याकाळी मी जेवताना ते वडिलांना सांगितले. कदाचित आपल्यावर विश्वास टाकला गेला, हे बापाला दाखवायचे होते.

नवव्या दिवशी सकाळी ट्रक आला. सैनिक सरळ कोठारात गेले, कुठेही शोधले नाही, आणि बरोबर त्या कोपऱ्यातले जव फावड्याने बाजूला करू लागले. आम्हा सगळ्यांना अंगणात उभे केले. वीगरिंक स्वतः पुढे झाले आणि म्हणाले की हे मी एकट्याने केले, या लोकांना काही ठाऊक नाही. एकट्याने दोनशे लिटरची कढई उचलली का, असे अधिकाऱ्याने विचारले. ते म्हणाले, "हो. ब्रुअर आहे मी." त्यांना कोठाराच्या भिंतीला लावून चार गोळ्या घातल्या. पहिल्या तीन गोळ्यांनी ते पडले नाहीत, भिंतीला पाठ घासत बसले. चौथी अधिकाऱ्याने जवळ जाऊन घातली. त्यांची मुलगी लिडविना डबा घेऊन फाटकात उभी होती.

मग गावाने हिशेब केला. तिघांना ठाऊक होते, एक मेला. टोनची आई सीमेपलीकडची, जर्मन होती. तो सैनिकांना हुकमाने बिअर पोचवत असे, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत थट्टा करत असे, त्यांनी दिलेली तंबाखू ओढत असे. माझ्याकडे कोणी बोट दाखवले नाही. घरात वडिलांकडे मी पाहत असे आणि ते बटाटे सोलत असत. मी विचारले नाही.

१९४५ च्या ईस्टरच्या रविवारी इंग्रज आले आणि जर्मन गेले. सोमवारी सकाळी लोकांनी टोनला त्याच्या घरातून ओढत ब्रुअरीच्या अंगणात आणले. तीस-चाळीस जण होते. त्याचे कपडे फाडले, तोंडाला डांबर फासले. कोणीतरी म्हणाले, ज्या हाताने जर्मनांची तंबाखू घेतली तो हात बाहेर काढा. दोघांनी त्याचा उजवा हात पिंपाच्या झाकणावर दाबून धरला. मी वडिलांची मोगरी घेऊन आलो होतो. मला कोणी बोलावले नव्हते. मी आपणहून आणली होती.

टोन ओरडला नाही. तो म्हणाला, "लाम्बर्ट, तुला माहीत आहे मी नाही ते."

मला माहीत होते. म्हणूनच मी मारले. तो गप्प झाला तर दुसऱ्या कोणाचा विचार करावा लागणार नव्हता. मी नऊ वेळा मारले. तिसऱ्या घावानंतर धरणाऱ्या दोघांनी तोंड फिरवले होते. नवव्या घावाला झाकण फुटले आणि हात आत गेला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तो मनगटापासून कापला.

त्यानंतर टोनला ओस्टरलोत कोणी काम दिले नाही. तो पस्तीस किलोमीटर दूर साखर कारखान्यात बीट धुवायला जात असे. पण गाव सोडून गेला नाही. लिडविना वीगरिंक रस्त्यात त्याच्यासमोर थुंकत असे, आणि लोक तिचे कौतुक करत.

१९४९ मध्ये ब्रुअरीच्या भिंतीवर वीगरिंक यांच्या नावाचा दगड बसवला. त्या दुपारी जेवताना वडील हसले आणि म्हणाले, "चाळीस पिंपं त्याने जाळली. मी एकच चिठ्ठी लिहिली."

मी त्यांना टेबलावरूनच ठोसा मारला. ते खुर्चीसकट मागे गेले, त्यांचे डोके शेगडीच्या कडेवर आपटले. त्यानंतर त्यांना बोलता आले नाही. डॉक्टरांनी मेंदूतला रक्तस्राव असे लिहिले. मी ते तसेच राहू दिले. ते मरेपर्यंत दोन वर्षे मी त्यांना चमच्याने भरवले आणि तोंड पुसताना गरजेपेक्षा जोराने पुसले. बापाला मारून मी न्याय केला असे काही वर्षे वाटत होते. मग कळले की तेव्हाही मी फक्त एक तोंड बंद केले होते. टोन तोवर बीटच धूत होता, आणि मी तळघराचा प्रमुख झालो होतो.

कलम चौथे. घर, बचत, इतर.

कुइपरस्ट्राटचे घर आणि बँकेतली सर्व रक्कम टोनची मुलगी विलेमीन एबर्स हिला. तिने नाकारल्यास घर विकून पैसे चर्चच्या वृद्धाश्रमाला द्यावेत. निळी चिनी भांडी माझी बहीण गेझिना हिला. गेली वीस वर्षे ती दर नाताळात भांडी मोजून जाते. भाचा रेनियर यास काही नाही. तो नव्या कारखान्यांना पोलादी टाक्या विकतो आणि आमच्या थंड तळघरांना उंदरांची बिळे म्हणतो.

कलम पाचवे. हे नंतर जोडले आहे.

वरील मजकूर घेऊन मी गेल्या महिन्यात टोनच्या घरी गेलो. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने दार उघडले आणि बाजूला झाला नाही, म्हणून मी पायरीवरच उभा राहून सगळे वाचले. मी माफीचा शब्द काढताच त्याने थांबवले.

"मागू नकोस," तो म्हणाला. "मागितलीस तर मला द्यावी लागेल. मला द्यायची नाही."

घराबद्दल म्हणाला, "मुलीला विचार, ती मोठी आहे." मग त्याने विचारले की हे कधी वाचले जाणार. मी म्हटले, मी गेल्यावर, नोटरींसमोर.

"मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? जिवंतपणी वाच. रविवारी, चर्च सुटल्यावर, खाणावळीत. सगळे असतात."

काल, रविवारी, मी वाचले. ब्रुअरीसमोरच्या खाणावळीत साठेक माणसे होती. टोन दाराजवळ बसला होता. तिसऱ्या कलमाच्या शेवटी लिडविना वीगरिंक उठून माझ्यापुढे आली. तीही आता साठीची आहे.

"जेवताना सांगितलंस?" तिने विचारले. "काय जेवत होतात?"

मी म्हणालो, वाटाण्याचे सूप.

तिने टेबलावरची भरलेली बाटली उचलली आणि माझ्या कपाळावर मारली. जाड काच आहे आपली, पहिल्या घावात फुटली नाही. दुसऱ्यात फुटली. मी खाली बसलो. रक्त आणि बिअर डोळ्यांत गेली होती, तरी टोन उठल्याचे मला दिसले. लोकांनी त्याला वाट करून दिली. तिच्या हातातला बाटलीचा गळा त्याने काढून घेतला.

"लिडविना, बस कर," तो म्हणाला. "हा माझ्या वाट्याचा होता."

ती त्याच्याकडे बघत राहिली. टोन माझ्यावर वाकला. मी डोळे मिटले आणि वाट पाहिली. बराच वेळ काही झाले नाही. डोळे उघडले तेव्हा तो तसाच उभा होता, आणि त्याचा श्वास जड झाला होता. मग त्याने काचेचा तुकडा टेबलावर ठेवला.

कपाळाला अकरा टाके पडले आहेत. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टर बोसफेल्ड यांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम सहावे. अंत्यविधी.

मला वडिलांच्या थडग्यात ठेवावे. जागा तीच आहे आणि माझी लायकीही तीच आहे. दगडावर फक्त नाव आणि साल लिहावे. तळघर-प्रमुख असे लिहू नये. ब्रुअरीचा बँड बोलावू नये. चर्चमध्ये कोणी माझ्याविषयी चांगले बोलू नये. फादरना मी तसे सांगितले आहे.

काल खाणावळीतून बाहेर पडताना मी टोनला विचारले, माझ्या अंत्ययात्रेला येशील का. तो कोट चढवत होता. एका हाताने त्याला वेळ लागतो. त्याने आधी सगळी बटणे लावली.

"येईन," तो म्हणाला. "खात्री करायला."

त्याच्यासाठी पहिल्या बाकावरची जागा राखून ठेवावी.

हे सर्व मी वाचले, समजून घेतले आणि त्याखाली नाव लिहिले.

लाम्बर्ट गरिट रूर्डिंक
(सही)

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही :
१. हेर्मान नाइनहाउस, खाणावळ चालक (सही)
२. कोर्नेलिया टेन ब्रुके, परिचारिका (सही)

माझ्यासमोर दाखल : जे. स्लॉट, नोटरी
ओस्टरलो, सोमवार, ५ नोव्हेंबर १९७९