अकरा वाजता उचललेला नाश्ता

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

आज मैत्रिणींबरोबर पबमध्ये नाश्त्याला गेले होते. दचकू नकोस, सकाळी तिथे चहा, अंडी, पाव एवढंच असतं आणि हवं तितकं वाढून घ्यायचं. मी आपली तुझ्यासारखी सगळ्यांना आणून देत बसले. म्हटलं, त्यांचं झालं की निवांत घेईन.

अकरा वाजले, नाश्त्याची वेळ संपली आणि वेटरने माझ्या डोळ्यांदेखत भरलेली भांडी कचऱ्याच्या पिशवीत उपडी केली! आई गं, एवढं अन्न! रिकामी ताटली घेऊन मी उभीच.

मैत्रिणींना हसून म्हटलं, "पोट भरलंय माझं." बोलले आणि चरकलेच. हे तर तुझं रोजचं वाक्य.

खरंच भरलेलं असायचं का गं?

तुझी,
धाकटी